बकुळीची साल

बकुळीच्या फुलांबद्दल बोलणारी माणसं मला आयुष्यभर भेटली. वाळली तरी वास जात नाही, वहीत ठेवली तर वही उघडताना अमुक आठवतं नि तमुक आठवतं. मी आपली ऐकून घेते. बकुळीच्या फळाबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही, आणि त्यात त्यांची काही चूक नाही, फळच तसं आहे. दिसायला गोजिरं. पिकलं की शेंदरी-पिवळं, लांबट बोराएवढं, आत पिठूळ गर आणि मधोमध एक चपटी चकचकीत बी. पहिला घास गोड लागतो, दुसऱ्या घासाला जीभ टाळूला चिकटते आणि तिसरा घास सहसा कुणी घेत नाही. कच्चं असेल तर विचारूच नका, तोंड असं आखडतं की माणूस बराच वेळ बोलायचं नाव काढत नाही. घरी कुणी फार बडबड करायला लागलं की आई म्हणायची, "याच्या तोंडात एक कच्ची बकुळ कोंबा कोणी." मी ते फळ खातच वाढले. नागपुरात सक्करदऱ्याच्या आमच्या घराच्या आंगणात बकुळीचं झाड होतं. मोहल्ल्यातले हिंदी बोलणारे लोक त्याला मौलसरी म्हणायचे आणि आमच्या घराचा पत्ता 'मौलसरीवाले' असाच सांगायचे. त्या झाडाच्या सालीवर आमचं घर चालायचं. बाबा दंतमंजन बनवायचे.

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात; आमचं भरायचं. उजाडता उजाडता उखळात मुसळाचा पहिला ठोका पडायचा, तोच माझा गजर. वाळलेली साल कुटताना आधी मोठा धप्प आवाज येतो, मग ती बारीक होत जाते तसा आवाज मऊ होत जातो, आणि शेवटी वस्त्रगाळ करताना तर नुसती कापडाची सळसळ. अंथरुणात पडल्या पडल्या मला कळायचं, काम कुठवर आलंय ते. मग तव्यावर तुरटी फुलवायची, लवंग कुटायची, कापूर चुरायचा. त्याची बारीक लालसर धूळ घरभर बसायची, केसांत, गाद्यांत, देवांवर. आईच्या वरणात लवंग नसायची तरी लवंग लागायची. पोळीला कापूर लागायचा. पुडाच्या वडीत आई सांबार, म्हणजे कोथिंबीर हो, आमच्याकडे तिला सांबारच म्हणतात, ढीगभर घालायची आणि त्या वासाशी झगडायची, पण वास काही हटायचा नाही. शाळेत माझ्या बाकावर बसणाऱ्या मुली म्हणायच्या की हिच्याजवळ बसलं की दात घासल्यासारखं वाटतं. मी एकदा घरी येऊन रडले तर बाबा म्हणाले, "चांगलंच हाय ना वं. त्यायचा मंजनाचा खर्च वाचला."

आता हिरड्यांतून जरा रक्त आलं की लोक धंतोलीत दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन नंबर लावतात. तेव्हा आमच्या आंगणात यायचे. बाबा त्यांना बाकावर ओळीनं बसवून "आ करा" म्हणायचे, आत बघायचे, आणि झाडाला कच्ची फळं असली तर एकेक हातावर ठेवायचे. "चावा. गिळू नका." मग ती सगळी म्हातारी माणसं तोंड आवळून, डोळे बारीक करून अर्धा तास गप्प बसायची. यातलं किती खरं आणि किती बाबांच्या बोलण्याचा प्रताप, हे मला आजही ठरवता येत नाही. माझ्या तोंडात माझे स्वतःचे दात आता अकरा उरलेत. मंजनवाल्याची मुलगी मी!

बाबा उंच, किडकिडीत आणि बोलायला गोड. चिडलेले मी त्यांना जवळपास पाहिलेच नाहीत, आणि हीच पंचाईत होती. चिडणाऱ्या माणसाशी भांडता येतं. बाबांना एखादी गोष्ट नको असली की ते 'नाही' म्हणायचे नाहीत. ते हसायचे, डोक्यावर हात ठेवायचे आणि पुढच्या कामाला लागायचे. आपण बोललो ते त्यांच्या कानांत शिरलं की बाहेरच राहिलं, ते कळायचंच नाही. आई म्हणायची, "तुया बापासंग बोलनं म्हणजे भिंतीसंग बोलनं. भिंत तरी थंडी रायते."

मंजनात आठ जिनसा पडत. कोणत्या ते कुणीही वासावरून सांगितलं असतं. कोणती किती आणि कोणती कधी घालायची, ते मात्र बाबांना नि आईलाच ठाऊक, आणि आमच्या घरात ते मुलीला सांगायची पद्धत नव्हती. बाबांच्या आत्याला म्हणे लाडानं सांगितलं होतं. ती ते डोक्यात घेऊन सासरी गेली आणि वर्षाच्या आत सासरच्यांनी स्वतःचं मंजन काढलं. तेव्हापासून नियम झाला: सुनेला सांगा, मुलीला सांगू नका, सून घरात राहते. पण बाबांना मुलगा झाला नाही, त्यामुळे सून यायचा प्रश्नच नव्हता. मी एकटीच. म्हणून मी बारा वर्षांची झाल्यावर बाबांनी एका सकाळी मला न्हायला लावलं, झाडापाशी उभं केलं, माझा हात खोडावर ठेवला आणि कानात सगळी मापं सांगितली. तीनदा सांगितली, तीनदा म्हणवून घेतली. मग म्हणाले, "म्हण, हे या आंगनाच्या बाहीर जानार नाई." मी म्हटलं. मला इतका अभिमान वाटला होता त्या दिवशी, की मी दुपारी जेवलेच नाही. शपथ मापांची आहे असं मी समजत होते. ज्याच्या डोक्यात मापं आहेत तोसुद्धा आंगणाबाहेर जात नाही, हा तिचा दुसरा अर्धा भाग मला समजायला आणखी पाच वर्षं लागली.

त्याच वर्षी बाबांनी मला साल काढायला शिकवली. हिवाळ्यात एकदाच काढायची. आधी झाडाला पाणी घालायचं, हळदकुंकू वाहायचं आणि "देतेस का?" म्हणून विचारायचं. मग कोयत्याची धार अंगठ्यावर बघून खोडावर चार बोटं रुंद आणि वीतभर लांब अशा काही पट्ट्या आखायच्या, आणि कोयता तिरपा न धरता सरळ दाबायचा. वरची साल करडी, खरबरीत, आत लालसर, आणि कापल्या कापल्या पांढरा चीक येतो. जखमेवर शेणमाती लिंपायची. या वर्षी उगवतीच्या अंगाची काढली तर पुढच्या वर्षी दक्षिणेची, मग मावळतीची, मग उत्तरेची. चौथ्या वर्षानंतर पुन्हा उगवतीकडं यावं तोवर तिथं नवी साल धरलेली असते. "चारी बाजूनं कधीच नाई काढायची," बाबांनी बजावलं. "झाडाचं जेवन सालीतूनच खाली जाते. चहूकडून पट्टा काढला का झाड उपाशी मरते, आन् मरता मरता कोनाले सांगत बी नाई." माझा हात लवकर बसला. दोन वर्षांत बाबांचा हात थरथरायला लागला, मग साल मीच काढू लागले. माझी कापलेली कड बघून ते शेजाऱ्यांना बोलावून दाखवायचे.

सुजाता माझी शाळेतली मैत्रीण. तिचे वडील मिलमध्ये होते, घरात एका फळीवर बुद्धाची मूर्ती आणि बाकीच्या तिन्ही फळ्यांवर पुस्तकं. त्या घरात पाहुणा आला तरी मुलीला अभ्यासावरून उठवत नसत. चहा तिची आई करायची आणि वडील कप पोचवायचे. मला ते बघून आधी हसू यायचं, मग यायचं बंद झालं. बारावी झाली तसे आम्ही दोघींनी नर्सिंगच्या ट्रेनिंगचे फॉर्म आणले. तीन वर्षं, राहायला होस्टेल, पांढरा गणवेश. मला रुग्णसेवेची फार कळकळ होती असं मी म्हणणार नाही. मला त्या आंगणातून बाहेर पडायचं होतं, आणि होस्टेल या शब्दाला एक कडी होती जी आतून लावता येत होती. फॉर्मवर पालकाची सही हवी होती.

मी बाबांना तीनदा म्हटलं. पहिल्यांदा ते जेवत असताना. ते म्हणाले, "वरनात मीठ कमी हाय का वं?" दुसऱ्यांदा मी लवंगा निवडत होते नि ते शेजारी बसले होते, तेव्हा सरळच म्हटलं, "बाबा, मले नर्सिंगले जायचं हाय." ते हसले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तुले समदं सांगतलं ना मी. आता तू कायची जाते!" तिसऱ्यांदा मी फॉर्म भरून, पेन उघडून त्यांच्यासमोर ठेवला. ते तराजू मांडत होते. त्यांनी फॉर्म उचलला, दोन्ही हातांनी, अगदी जपून, तो शेजारच्या पाटावर ठेवला आणि त्या जागी तराजू मांडला. एवढंच. मी पेनाचं टोपण लावलं. जूनमध्ये सुजाता पत्र्याची पेटी घेऊन रिक्षात बसली. तिचे वडील सायकलवरून रिक्षाच्या मागं मागं गेले. मी आमच्या फाटकापर्यंत जाऊन उभी राहिले आणि आईनं हाक मारली म्हणून परत आले. फॉर्म पेटीत, साड्यांच्या खाली अंथरलेल्या कागदाखाली ठेवला.

त्यानंतरचे महिने मला सलग आठवत नाहीत. कुटणं, गाळणं, पुड्या बांधणं. फाटक दहा पावलांवर होतं आणि त्याला कुलूपही नव्हतं. हे मी मुद्दाम लिहिते, कारण आताच्या मुली विचारतात, "मग निघून का नाही गेलात?" बाईंनो, कुलूप असतं तर मी ते फोडलं असतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, चावणार कुणाला? मध्येच नरखेडकडून एक स्थळ आलं, घरजावई व्हायला तयार असलेलं. सहा भाऊ होते घरी, एखादा दिला तरी चाललं असतं त्यांना. मुलगा मला बघायचं सोडून उखळ बघत होता. किती किलोचं मुसळ आहे, असंही त्यानं विचारलं. मी त्याला बशीत पोह्यांबरोबर पाच-सहा कच्च्या बकुळी ठेवून दिल्या नि म्हटलं, "आमच्या घरचा मेवा." बिचाऱ्यानं मान ठेवून दोन खाल्ल्या. पुढची सगळी बोलणी त्याच्या मामानंच केली, आणि ती काही जमली नाहीत. आईनं मला आत नेऊन चिमटा काढला आणि मग पदरात तोंड घालून हसली. त्या वर्षात मी हसलेली मला तेवढीच आठवते.

हिवाळ्यात साल काढायची वेळ आली. त्या वर्षी मावळतीची पाळी होती. मी रीतसर पाणी घातलं, हळदकुंकू वाहिलं, विचारलं, मावळतीच्या पट्ट्या काढल्या, शेणमाती लिंपली. बाबा बघून गेले. आणि मग दुसऱ्या दिवशी दुपारी, बाबा सायकलवर पुड्या द्यायला गेलेले नि आई पडलेली असताना, मी खुरपं घेऊन झाडाच्या बुंध्याशी बसले. आळ्यातली माती बाजूला केली. वीतभर खाली, जिथं कुणाची नजर जाणार नाही, तिथं कोयता लावला. चार बोटं रुंद. सरळ. एका दुपारी झालं नाही, तीन दुपारी लागल्या; बुंधा माझ्या कवेत मावत नव्हता. तिसऱ्या दुपारी पट्ट्याची दोन्ही टोकं एकमेकांना भिडली. चीक हाताला चिकटला होता, तो रॉकेलनं धुतला. माती परत लोटली, दाबली, वर पाणी शिंपडलं. त्या वेळी काही विचारलं नाही झाडाला.

मला काय वाटत होतं, ते स्पष्ट सांगते. झाड मरेल, मग साल नाही, मग मंजन नाही, मग मापांना किंमत नाही, मग मला धरून ठेवायला कारण नाही. जून आला की फॉर्म भरायचा. इतका साधा हिशेब होता आणि तो करताना मला जराही वाईट वाटलं नाही. वाईट वाटायला सुरुवात झाली ती उन्हाळ्यात, कारण झाड मरेना. उलट असं फुललं की मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्यांनीही तसं पाहिलं नव्हतं. सकाळी आंगणात पाय ठेवायला जागा नसायची. बायका परड्या घेऊन यायच्या, आई त्यांना चहा पाजायची, सगळ्या बसून गजरे ओवायच्या. बाबा दर सकाळी बुंध्यावर थाप मारायचे, नेमकी त्या पट्ट्याच्या वरती, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "पोरीचा हात हाय. मी काढत होतो तवा नवतं असं फुलत. झाडाले बी समजते कोनाचा हात मायेचा हाय ते." मी घरात जाऊन मुसळ उचलायचे. मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पुढं एका शेतकी शिकलेल्या बाईनं सांगितलं की पट्टा काढलेलं झाड असंच करतं. वर तयार झालेलं जेवण खाली मुळांकडे जाऊ शकत नाही, मग ते सगळं फुलाफळांत उतरतं.

जून आला नि गेला. पावसाळा संपता संपता फळं धरली. फांद्या वाकल्या. पत्र्यावर दिवसभर फळं पडायची, टण, टण, आणि आंगणात त्यांचा पिवळा चिखल व्हायचा. पोपट यायचे, पोरं यायची. बाबांनी त्या वर्षी टोपल्या भरभरून फळं वाटली, अगदी सुजाताच्या घरीही पाठवली. सुजाता सुटीवर आलेली होती, तिनं एक फळ खाऊन तोंड वाकडं केलं आणि मला विचारलं, "तू कदी येऊन राहिली मंग?" मी म्हटलं, "बघू." त्या दिवसांत मला जेवण जात नव्हतं. आईला वाटलं कावीळ आहे. एकदा मी तिला सांगायलाच गेले होते, पण ती गजऱ्याची वाळलेली फुलं कपड्यांच्या घड्यांत घालत होती, "औंदा पोटभर झाली वं बाई," म्हणाली, आणि मी परत फिरले. आता मी राहते तिथं रस्त्याच्या कडेला कुणीतरी बकुळी लावल्यात. शेजारचे गृहस्थ रोज तक्रार करतात की फळं गाडीवर पडून डाग पडतात. परवा म्हणाले, "कापूनच टाकली पाहिजेत." मी त्यांच्याशी त्यानंतर बोलत नाही, आणि का ते त्यांना कळत नाही.

फळं संपली आणि पानं पिवळी पडायला लागली. बकुळीचं झाड कधी बोडकं होत नाही, ते झालं. शेंड्याच्या काड्या वाळल्या, मग फांद्या. बाबांनी ताक ओतून बघितलं, राख टाकून बघितली, नवसही बोलले. मग एका सकाळी म्हणाले, "मुळाले उधई लागली असंन. वच्छी, आळं उकर बरं." उधई म्हणजे वाळवी. खुरपं त्यांनीच माझ्या हातात दिलं. मी बसले. तीच माती होती, तशीच मऊ. मी जमेल तितकं हळू उकरत होते. बाबा शेजारी पायरीवर बसून सांगत होते, "आजूक. आजूक जरा खाली." मग खुरपं थांबलं. पट्टा दिसत होता. वाळून काळा पडलेला, पण दोन्ही कडा जशाच्या तशा.

बाबा उठून माझ्या बाजूला उकिडवे बसले. त्यांनी बोट त्या वरच्या कडेवर ठेवलं आणि हळूहळू फिरवत नेलं, जिथवर हात पोचला तिथवर. उधईनं खाल्लेली साल कशी दिसते हे त्यांना शिकवायची गरज नव्हती. सक्करदऱ्यातच काय, उभ्या नागपुरात तशी कड दुसऱ्या कुणाला कापता येत नव्हती. त्यांनीच ती शेजाऱ्यांना बोलावून दाखवलेली होती. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. माझ्या हातांकडे पाहिलं. मला वाटलं, आता मारतील. मारावं असं मला फार फार वाटत होतं. आईनं स्वयंपाकघरातून विचारलं, "हाय का वं उधई?" बाबा म्हणाले, "हाव. उधईच हाय." आणि हातानं माती परत लोटायला लागले.

महिनाभरानं झाड पाडलं. दोन माणसं आणली होती, करवतीनं दिवस मोडला त्यांचा. आणि मग बाबांनी जे सांगितलं, त्याची मला कल्पनाच नव्हती. ते म्हणाले, "लाकूड न्या तुमी. साल नाई. साल समदी काढून घेऊ आपन, वाळाच्या आदी." दरवर्षी चार बोटं मागून घेणाऱ्या माणसानं अख्खं झाड सोलायला काढलं. खोड, फांद्या, हाताएवढ्या डहाळ्या, सगळं. आम्ही तिघं चार दिवस सोलत होतो; बाबा आणि मी एका खोडाच्या दोन बाजूंना. वाळवून पोत्यांत भरली तेव्हा ती पोती आंगणात मावेनात. मग पुढच्या खोलीत रचली, एकावर एक, खिडकीच्या वरपर्यंत. खिडकी झाकली गेली. आईनं कंबरेवर हात ठेवून बघितलं नि भोळेपणानं म्हणाली, "जाऊ दे बाप्पा, झाड गेलं पन दहा वर्साची सोय करून गेलं." आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. मी अंधाऱ्या खोलीत त्या पोत्यांच्या मधल्या फटीत उभी होते. दहा वर्षं. मीच कापून ठेवली होती.

दुसऱ्या दिवसापासून पुन्हा मुसळ. मी कुटायची, बाबा गाळायचे. झाड नसल्यामुळे आंगणात ऊन फार यायचं, म्हणून काम आत घेतलं होतं. असे किती दिवस गेले सांगता येत नाही. बाबा मीठ मागायचे, पाणी मागायचे, बाकी बोलणं नाही. आणि एका सकाळी, गाळता गाळता, वर न बघता त्यांनी विचारलं, "काहून केलं वं?"

माझ्या हातात मुसळ होतं. मी म्हटलं, "मले जायचं होतं."

"त मले म्हनायचं होतं ना, बाई." त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला, आणि चढता चढता फुटला. "झाडाले कायले मारलं? मले म्हनायचं होतं. मी काय वैरी होतो तुया?"

"म्हटलं होतं," मी म्हणाले.

कापडातून भुकटी पडायची थांबली.

"तीन डाव म्हटलं होतं, बाबा. तुमी जेवत होते तवा. लवंगा निवडत होतो तवा. आन् तिसऱ्या डावी कागद ठेवला होता तुमच्यापुढं. तुमी उचलून पाटावर ठेवला."

मी ओरडले नाही. रडलेही नाही, ते नंतर. बाबा कापडाच्या चारही टोकांकडे बघत बसले होते. एवढा वेळ बसले की आई दारात येऊन उभी राहिली आणि तिथंच थांबली. झाडाची कड चाचपताना त्यांचा चेहरा जसा झाला होता, त्याहून वाईट झाला होता आता. ते म्हणाले, "हाव." मग पुन्हा, जरा हळू, "हाव. म्हटलं होतं तुनं."

मग त्यांनी हात धोतराला पुसले आणि म्हणाले, "आन तो कागद."

मी पेटी उघडली, साड्या काढल्या, खालचा कागद उचलून फॉर्म आणला. घडीवर पिवळा पडला होता. नवा फॉर्म मी पुढं जूनमध्ये आणला; त्यावरही बाबांनी सही केली आणि ती सही घेऊन मी गेले. पण त्या सकाळी बाबांनी हा जुना फॉर्म मांडीवरच्या पाटावर नीट सपाट केला, त्यावरची लाल धूळ फुंकली, माझं नाव बोट ठेवून वाचलं, आणि एकेक अक्षर जोडत आपलं पूर्ण नाव लिहिलं. त्या फॉर्मची मुदत दीड वर्षापूर्वीच संपली होती. मी ते सांगितलं नाही. मी त्यांना सही करू दिली.